परितोष आणि पारितोषिक : चित्रपटरसिकाच्या खाजगी सन्मानयादीविषयी

वर्ष सरत आले की काही चित्रपटरसिक आपापली यादी करू लागतात. वर्षभरात पाहिलेल्या चित्रपटांपैकी कोणता मनात राहिला, कोणते पात्र विसरता येत नाही, कोणता खलपुरुष नायकापेक्षा अधिक जिवंत वाटला, कोणत्या दुय्यम पात्राला दिग्दर्शकाने आणखी थोडा वेळ द्यावयास हवा होता, अशा प्रश्नांची उत्तरे ते स्वतःपुरती देतात. या यादीला परीक्षकमंडळ नसते, समारंभ नसतो, मानचिन्ह नसते. ज्याला पारितोषिक मिळते त्यास ते कधी कळतही नाही. वहीच्या मागच्या पानावर, पत्राच्या ताज्या कलमात किंवा मित्रमंडळींच्या बैठकीत ही यादी जन्मास येते आणि बहुधा तेथेच संपते. वाङ्मयाभ्यासकांनी या प्रकाराकडे लक्ष दिलेले नाही. अभिरुचीच्या इतिहासाची साधने म्हणून आपण परीक्षणे, प्रस्तावना, पाठ्यक्रम आणि शासकीय पारितोषिके यांचा विचार करतो. ज्याच्यासाठी हे सारे निर्माण होते त्या प्रेक्षकाचा निवाडा मात्र ‘लोकप्रियता’ या एका ढोबळ शब्दात गुंडाळून बाजूस ठेवतो. प्रस्तुत लेखात या खाजगी यादीचे स्वरूप, तिच्यामागील परंपरा आणि बहुभाषिक साहित्याच्या अभ्यासकाला तिचा होऊ शकणारा उपयोग यांचा विचार करावयाचा आहे.

या विचारासाठी बंगळूरच्या दक्षिण भागातील बसवनगुडी ही वस्ती मी जाणूनबुजून निवडली आहे. १८९८ मधील प्लेगच्या साथीच्या सुमारास वाढीस लागलेली ही वस्ती मोठ्या नंदीच्या देवळावरून नाव घेते : बसव म्हणजे नंदी व गुडी म्हणजे देऊळ. (मराठी कानाला येथे ‘गुढी’ ऐकू येते; तिचा संबंध येथे नाही, पण पताकेचा विषय पुढे येणारच आहे.) मास्ती वेंकटेश अय्यंगार येथल्याच गवीपुरम भागात राहत. डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये स्थापिलेली, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाची सार्वजनिक संस्था येथेच आहे, आणि बी. पी. वाडिया यांनी त्याच वर्षी स्थापिलेली जागतिक संस्कृतीची संस्थाही येथेच आहे. १९७१ मध्ये सुरू झालेली ‘सुचित्रा’ ही फिल्म सोसायटी लगतच्या बनशंकरीत आपले सभागृह बांधून राहिली. सारांश, वाचणारा, व्याख्याने ऐकणारा आणि मग त्याच गंभीरपणे चित्रपटाविषयी भांडणारा असा प्रेक्षक या परिसरात घडत गेला.

आणि तो एकभाषिक नव्हता. १६३८ मध्ये शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आली तेव्हापासून या शहरात मराठी घरे आहेत. अशा एका घरातील मुलगा गवीपुरमच्या कन्नड प्राथमिक शाळेत व नंतर आचार्य पाठशाळेत शिकला, शहराच्या बससेवेत वाहक झाला, १९७३ मध्ये मद्रासच्या चित्रपटशिक्षणसंस्थेत गेला आणि १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’ या तमिळ चित्रपटातून पडद्यावर आला. शिवाजीराव गायकवाड हे त्याचे मूळ नाव जगाला फारसे परिचित नाही. रजनीकांत हे नाव आहे. घरची भाषा मराठी, शाळेची कन्नड, कीर्तीची तमिळ. असा नट जेथून येतो तेथील प्रेक्षकही असाच असणार हे उघड आहे. सकाळी एका भाषेत वर्तमानपत्र, संध्याकाळी दुसऱ्या भाषेत चित्रपट आणि त्यावरील वाद तिसऱ्या भाषेत, हे या वस्तीत कोणास नवलाचे वाटत नाही.

आता शब्दांकडे वळू, कारण आपला विषय शब्दांतच अर्धा उलगडतो. मराठीत आपण ‘पुरस्कार’ म्हणतो. मूळचा अर्थ पुढे करणे. ‘एखाद्या मताचा पुरस्कार करणे’ या प्रयोगात तो अजून शाबूत आहे. पुरस्कार देणारा केवळ गुण मोजत नाही, तो कोणाला तरी पुढे करतो, त्याची बाजू घेतो. कन्नडमध्ये त्याच अर्थी ‘प्रशस्ति’ हा शब्द रूढ आहे. मराठीत प्रशस्ती म्हणजे स्तुती, आणि इतिहासाभ्यासकाच्या लेखी शिलालेखातील राजस्तुती. कन्नडमधील ‘बहुमान’ हे चक्क बक्षीस असते; मराठीतील बहुमान हातात धरता येत नाही. ‘बिरुद’ मराठी-कन्नडमध्ये पदवीच्या अर्थी उरला, तर तमिळमध्ये ‘विरुदु’ म्हणजे सरळ पुरस्कारच. या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. पण उत्तरेचा-दक्षिणेचा असा भेद न मानता तो सगळीकडे वावरला एवढे खरे.

या साऱ्यांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो ‘पारितोषिक’. परितोषातून जे निघते ते पारितोषिक. म्हणजे आधी तोष, मग वस्तू. ‘शाकुंतला’च्या आरंभी सूत्रधार म्हणतो की जाणत्यांचा परितोष होईपर्यंत प्रयोगाचे ज्ञान खरे मानता येत नाही, तेथे बक्षिसाची गोष्टच नाही, आहे ती केवळ अंतरीच्या समाधानाची. आजच्या संस्थात्मक पारितोषिकांत ही क्रिया पुष्कळदा उलटी झाली आहे : वस्तू आधी ठरते, वर्गवारी आधी ठरते, आणि त्या चौकटीत बसेल असा परितोष नंतर शोधला जातो. खाजगी यादीत मात्र शब्दाचा मूळ क्रम टिकून आहे. तीत परितोष आहे, वस्तू नाही.

प्रेक्षकाचा निवाडा हा विषय आपल्या शास्त्राला नवा नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या २७ व्या अध्यायात प्रयोगाच्या ‘सिद्धी’चा विचार केला आहे. सिद्धी दोन प्रकारची, दैवी आणि मानुषी. मानुषी सिद्धीची लक्षणे प्रेक्षागृहातच दिसतात : कोठे स्मित, कोठे मोठे हसू, कोठे ‘साधु’, कोठे ‘अहो’, करुणप्रसंगी ‘कष्टम्’, आणि शरीराने व्यक्त होणारी, म्हणजे रोमांच उठणे, आसनावरून उठून उभे राहणे, वस्त्र टाकणे. पुढे ‘प्राश्निक’ म्हणजे परीक्षक येतात. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरणी, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, वेश्या, गायक, राजसेवक : प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते बोलावयाचे. स्पर्धेत जिंकणाऱ्यास पताका मिळते. याच अध्यायात भरताने आणखी एक गोष्ट शांतपणे सांगून टाकली आहे, ती म्हणजे प्रेक्षकांच्या प्रकृती भिन्न असतात : तरुण शृंगारात रमतात, शूर युद्धप्रसंगांत, वृद्ध धर्मकथांत. म्हणजे एकीकडे दहा तज्ज्ञांचे मंडळ, आणि दुसरीकडे प्रत्येक प्रेक्षकाची वेगळी रुची मान्य करणारी दृष्टी. आधुनिक काळात पहिली बाजू संस्थांनी उचलली. दुसरी बाजू वहीच्या मागच्या पानावर राहिली.

महाराष्ट्राच्या रंगभूमीवर मात्र ही दुसरी बाजू पुष्कळ काळ उघडपणे नांदत होती. संगीत नाटकातील ‘वन्समोअर’ हे जागच्या जागी दिलेले पारितोषिकच होते. फेटे उडविणे हे भरताच्या वस्त्र टाकण्याचे मराठी रूप म्हणावयास हरकत नाही. तमाशातील दौलतजादा तर अगदी व्यक्तिगत : पैसा कोणी दिला, कोणासाठी दिला, हे नाव घेऊन पुकारले जाई. त्या चालीतील सत्तेचा आणि वासनेचा भाग दृष्टीआड करता येत नाही. पण देणारा माणूस तेथे गर्दीत लपलेला नव्हता, एवढेच येथे नोंदवावयाचे आहे. आणि नारायण श्रीपाद राजहंस यांना लाभलेले ‘बालगंधर्व’ हे बिरुद? लोकमान्य टिळकांनी मुलाचे गाणे ऐकून ते दिले असे परंपरा सांगते. एका श्रोत्याने, कोणत्याही मंडळाच्या ठरावावाचून, एका शब्दात दिलेले ते पारितोषिक मूळ नावापेक्षा अधिक टिकले.

चित्रपटाच्या क्षेत्रात वाचकांच्या मतांवर आधारलेले पहिले ठळक पारितोषिक ‘फिल्मफेअर’चे. २१ मार्च १९५४ रोजी मुंबईच्या मेट्रो चित्रगृहात ते प्रथम दिले गेले. समीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ त्यांस आरंभी ‘क्लेअर’ म्हणत. मूर्तीची घडण एन. जी. पानसरे या शिल्पकाराची. २०,००० हून अधिक वाचकांनी मते पाठविली आणि पाचच पारितोषिके दिली गेली : ‘दो बिघा जमीन’, त्याचे दिग्दर्शक बिमल रॉय, ‘दाग’मधील दिलीपकुमार, ‘बैजू बावरा’मधील मीनाकुमारी आणि त्याच चित्रपटाचे संगीतकार नौशाद. यांतील ‘दाग’ व ‘बैजू बावरा’ १९५२ चे, ‘दो बिघा जमीन’ १९५३ चा. वाचकाचे ‘वर्ष’ हे पंचांगाचे नसून त्याच्या आठवणीचे असते, याचा हा बोलका पुरावा. दुसऱ्याच वर्षी साहाय्यक भूमिकांसाठी वेगळी पारितोषिके आली आणि ‘बादबान’मधील उषाकिरण यांना त्यांतील स्त्रीभूमिकेचे पहिले पारितोषिक मिळाले. नायक-नायिकेच्या पलीकडेही प्रेक्षकाची नजर जाते हे मान्य करावयास संस्थेला एक वर्ष लागले.

त्याच १९५४ साली केंद्र शासनाची पारितोषिके सुरू झाली व आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’स राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुढच्या वर्षापासून भाषावार सन्मान आले. मराठीत ‘महात्मा फुले’ आणि कन्नडमध्ये राजकुमारांचा पहिला नायकपट ‘बेडर कण्णप्प’ यांची नोंद झाली. भाषावार विभागणीमुळे लहान भाषांतील चित्रपटांना उभे राहावयास जागा मिळाली, याबद्दल कोणीही कृतज्ञच राहील. परंतु तीतून जी कप्पेबंद दृष्टी आली तिचा परिणाम पाहण्यासारखा आहे. १९७७ या वर्षासाठी गिरीश कासारवळ्ळी यांच्या ‘घटश्राद्ध’ला देशातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपट मात्र ‘तब्बलियु नीनादे मगने’ हा ठरला, बी. व्ही. कारंत व गिरीश कार्नाड यांचा. नियमाच्या दृष्टीने यात विसंगती नाही. एकाने वरचे पान घेतले म्हणून दुसऱ्यास त्याच्या भाषेचे मिळाले. पण बसवनगुडीतील साध्या प्रेक्षकाला विचारा : भारतात पहिला आलेला कन्नड चित्रपट कन्नडमध्ये पहिला नाही, हे त्याला कसे समजवावयाचे? राज्यांची पारितोषिके तर आपापल्या भाषेपुरतीच. मराठी, कन्नड, तमिळ, हिंदी अशा चारही भाषांतील चित्रपट एकाच मनाने पाहणाऱ्या माणसासाठी एकही परीक्षकमंडळ अस्तित्वात नाही. चार भाषांतील पात्रांना एका पंक्तीत बसविणारी यादी त्याची त्यालाच करावी लागते. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला या यादीत रस वाटावा तो नेमका येथे. आपले साहित्येतिहास भाषावार लिहिलेले आहेत. वाचकाचे आणि प्रेक्षकाचे मन तसे विभागलेले नसते.

येथे एक आक्षेप येईल. चित्रपटाचा चाहता आणि निवाडा या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतील? आक्षेप पोकळ नाही. कन्नडमध्ये चाहत्याला ‘अभिमानी’ म्हणतात. मराठीत अभिमानी म्हणजे मानी, किंचित ताठ माणूस. राजकुमार आपल्या चाहत्यांस ‘अभिमानी देवरु’, म्हणजे चाहते हेच देव, असे संबोधीत; आणि चाहत्यांनी त्यांना ‘वरनट’, ‘नटसार्वभौम’ अशी बिरुदे अर्पिली. मॅजेस्टिक परिसरातील चित्रगृहांसमोर उभारलेल्या उंच आकृत्यांना हार घातले जात, तेव्हा शब्दाचे कन्नड आणि मराठी असे दोन्ही अर्थ एकदम खरे होत. अशा भक्तीत पारितोषिक आधीच ठरलेले असते, वर्ष काय ते नंतर भरावयाचे. तिचा समाजशास्त्रीय अभ्यास अवश्य व्हावा. ती मात्र माझ्या विषयाबाहेरची. यादीची माझी कसोटी साधी आहे : करणाऱ्याने आपल्या लाडक्या नटास एखादे वर्ष कोरडे ठेवले आहे काय? ठेवले असेल तर यादी वाचावी.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे. या याद्यांत पारितोषिक पुष्कळदा नटाला नव्हे, पात्राला दिलेले असते, आणि पात्राला जिवंत माणूस समजणे ही समीक्षेतील जुनी भाबडी चूक मानली जाते. ए. सी. ब्रॅडले यांनी १९०४ मध्ये शेक्सपिअरच्या पात्रांची जणू परिचितांप्रमाणे चर्चा केली, एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये लेडी मॅकबेथला मुले किती, असा उपरोधिक प्रश्न शीर्षकात घालून त्या पद्धतीची खिल्ली उडविली. आपल्याकडे मर्ढेकरांनंतर रूपाच्या चर्चेला जी प्रतिष्ठा आली तिच्यातही पात्र हा शब्द मागेच पडला. तरी नाट्य-चित्रपटांत पात्राचे पारडे हलके होत नाही. निळू फुले यांच्या खलभूमिका पाहून खेड्यांतील स्त्रिया त्यांना खरोखरीचा दुष्ट माणूस समजत, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्या शिव्या हे पारितोषिकच होते, फक्त ते पात्राच्या नावे निघून नटाच्या पत्त्यावर पोहोचले. नट आणि पात्र यांतील ही फारकत परीक्षकमंडळाला करता येत नाही, कारण पात्र मंचावर येऊन पदक स्वीकारू शकत नाही. खाजगी यादीला ती अडचण नाही.

तत्त्वाची चर्चा उदाहरणावाचून फोल ठरेल, म्हणून १९७७ या वर्षासाठी प्रस्तुत लेखकाची यादी पुढे मांडतो. ती आज केलेली आहे. त्या वर्षीचे चित्रपट त्या वर्षीच पाहावयास मिळत असे नाही, आणि प्रादेशिक चित्रपट दुसऱ्या राज्यात पोहोचण्यास फिल्म सोसायटीची वाट पाहावी लागे.

वर्षातील पात्र : ‘घटश्राद्ध’मधील नाणी. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेवरील हा चित्रपट मलनाडातील एका वेदपाठशाळेत घडतो. पाठशाळा चालविणाऱ्या उडुपांची विधवा मुलगी यमुनक्का गरोदर राहते. गर्भपात, गावात कुजबुज, आणि अखेरीस जिवंतपणी तिचे श्राद्ध घालून तिला जातीबाहेर टाकणे. हे सारे पाहतो तो लहानगा विद्यार्थी नाणी. त्याला समजते थोडे, दिसते सगळे. ही भूमिका करणाऱ्या अजितकुमार या मुलास बालकलाकाराचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते योग्यच. पण माझे पारितोषिक नाणीच्या नावे आहे, आणि त्याचे कारण मराठी आहे. १९५४ च्या सुवर्णपदकाचा चित्रपटही एका पाहणाऱ्या मुलाचा होता. श्यामला जे दिसते त्याचा अर्थ सांगावयास आई असते. प्रत्येक प्रसंगानंतर त्याच्या हातात एक खात्री पडते. नाणीला अर्थ सांगणारे कोणी नाही. ज्या स्त्रीच्या मायेवर तो विसंबतो तिलाच समाज मृत ठरवितो. सुवर्णपदकांच्या यादीत या दोन चित्रपटांमध्ये चोवीस वर्षांचे अंतर आहे आणि भाषेची भिंत आहे. माझ्या यादीत श्याम व नाणी एका बाकावर बसतात, आणि मला वाटते की भारतीय बालपणाच्या दोन कल्पनांचा तौलनिक अभ्यास या बाकापासून सुरू करता येईल.

यमुनेविषयीही थोडे थांबले पाहिजे. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ची नायिका यमूच. ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः आलेल्या त्या कादंबरीत यमू स्वतः आपली कहाणी लिहिते, आणि तिच्यावर बळाने लादलेले केशवपन हा तिचा सर्वांत दाहक भाग आहे. कन्नड यमुनेचेही अखेर मुंडन होते. पण ती लिहीत नाही, बोलतही फारसे नाही. तिची साक्ष एका मुलाच्या डोळ्यांत ठेवलेली आहे. नावांचे साम्य हा योगायोग असेल. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की मराठीत १८९० मध्ये विधवेच्या हाती आलेली लेखणी कन्नड कथेने हेतुतः तिच्या हाती दिलेली नाही, आणि त्यामुळेच चित्रपटातील शांतता इतकी जड होते.

स्त्रीपात्र : ‘भूमिका’मधील उषा. श्याम बेनेगल यांचा हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला. स्मिता पाटील यांना यासाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. येथे नट-पात्र हा भेद तिपेडी होतो : आत्मकथन सांगणारी हंसा वाडकर, चित्रपटातील उषा, आणि उषाने पडद्यावर केलेल्या भूमिका. शीर्षकाच्या शब्दातही दोन अर्थ आहेत, पात्र आणि घेतलेली बाजू. माझे मत उषाच्या पारड्यात पडते ते तिच्या हट्टासाठी. घर तिला हवे आहे आणि घराची किंमत तिला मान्य नाही. तिचा नवरा केशव दळवी (अमोल पालेकर) यास ‘वर्षातील सर्वांत चीड आणणारे पात्र’ हे पारितोषिक देतो. सौम्य चेहऱ्याने केलेले शोषण इतक्या नेमकेपणाने क्वचितच दिसले असेल.

त्याच वर्षी स्मिता पाटील ‘जैत रे जैत’मधील चिंधीही होत्या. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील जब्बार पटेल यांचा हा चित्रपट मराठीतील सर्वोत्कृष्ट ठरला, ना. धों. महानोरांची गीते व हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांविषयी मराठी वाचकास सांगावयास नको. ठाकरांचा नाग्या (मोहन आगाशे) लिंगोबाच्या डोंगरावरील मोहोळाशी वैर धरतो, कारण राणीमाशीने त्याचा डोळा घेतला आहे. ‘न बोलणारे पात्र’ या पारितोषिकासाठी मी राणीमाशीचा गंभीरपणे विचार केला. तिचा प्रतिस्पर्धी जॉन अब्राहम यांच्या ‘अग्रहारत्तिल कळुदै’ या तमिळ चित्रपटातील गाढव. अग्रहारात एक प्राध्यापक गाढवाचे पिलू पाळतो. गाव आधी त्याला छळतो, मारतो, आणि मग त्याचीच पूजा मांडतो. पारितोषिक गाढवास. राणीमाशीने स्वतःचे रक्षण केले. गाढवाने काहीच केले नाही आणि तरी साऱ्या अग्रहाराचे अंतरंग बाहेर काढले. (‘घटश्राद्ध’ आणि हा चित्रपट एकाच वर्षाचे आहेत, हेही ध्यानात असावे.)

खलपात्र : भारतीराजा यांच्या ‘पदिनारु वयदिनिले’मधील परट्टै. गावाच्या रिकामटेकड्या टोळीचा म्होरक्या, ज्याच्याजवळ उद्योग नाही, जमीन नाही, फक्त दुसऱ्याला हिणविण्याची कला आहे. चप्पाणी या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या माणसाचा छळ हेच त्याचे मनोरंजन. पुढे महानायक झालेल्या रजनीकांत यांनी ही भूमिका कोणतीही सहानुभूती न मागता केली आहे. २०२१ मध्ये त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार प्रदान झाला : मराठी घरात जन्मून बसवनगुडीत शिकलेल्या तमिळ नटास त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांच्या नावाचा सन्मान. ती राष्ट्राची प्रशस्ती. माझ्या यादीत ते अजून परट्टैच आहेत.

युगुलपात्र असे एक पारितोषिक या वर्षापुरते निर्माण करावे लागले. हुणसूर कृष्णमूर्ती यांच्या ‘बब्रुवाहन’मध्ये अर्जुन व बब्रुवाहन अशा पिता-पुत्रांच्या दोन्ही भूमिका राजकुमार यांनी केल्या. कन्नडमध्ये लक्ष्मीशाच्या ‘जैमिनिभारता’ने व मराठीत श्रीधराच्या ‘जैमिनी अश्वमेधा’ने ही कथा घरोघरी नेली, दोन्हींकडचा श्रोता तिचा शेवट जाणून असतो. एकाच नटाला पारितोषिक देणे सोपे. पण येथे दोन पात्रे परस्परांशी वादतात, आणि प्रेक्षकास बाजू घ्यावीच लागते. मी पुत्राची घेतो. पित्याने आईला दिलेल्या दूषणाचे उत्तर त्याला द्यावयाचे आहे, आणि अर्जुनाच्या कीर्तीपेक्षा ते कारण मला मोठे वाटते. राजकुमारांच्या एखाद्या निस्सीम अभिमान्यास हा निर्णय कसा वाटेल? माझा कयास असा की तोही बब्रुवाहनाकडेच जाईल. म्हणजे आपल्याच देवाला आपल्याच देवाकडून हरताना पाहून खूश होईल.

त्याच नटाच्या ‘सनादि अप्पण्ण’मध्ये सनईचे सूर बिस्मिल्ला खाँ यांनी वाजविले आहेत. मराठीतील सनई व कन्नडमधील सनादि या शब्दांचे नाते ऐकताच कळते. येथे पारितोषिक वाद्यासच द्यावे, कारण चित्रपटातील दुःखाचा मोठा भाग तेच वाहते. मास्तींच्या नाटकावरून सी. आर. सिंह यांनी केलेला ‘काकन कोटे’ही याच वर्षाचा, बसवनगुडीच्या यादीत तो नसणे अशिष्ट ठरेल, पण शिष्टाचारासाठी पारितोषिक देऊ लागलो तर खाजगी यादी आणि सरकारी यादी यांत फरक तो काय राहिला? तो नोंदवून पुढे जातो.

अखेरचे पारितोषिक अखेरच्या दृश्यासाठी. मुंडन केलेली यमुनक्का एकटी बसली आहे; वडील नाणीला घेऊन निघाले आहेत आणि मुलगा मागे वळून पाहतो आहे. एस. रामचंद्र यांचे कृष्णधवल छायाचित्रण येथे काहीही अधोरेखित करीत नाही. फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या सहभागाने पुनरुज्जीवित केलेली या चित्रपटाची प्रत २०२४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखविली गेली, तेव्हा प्रथम प्रदर्शनाच्या वेळी जन्मलेही नव्हते अशा प्रेक्षकांनी ती पाहिली. त्यांच्यापैकी कोणी त्या वर्षाची यादी केली असेल, तर तीत १९७७ चा हा चित्रपट २०२४ चा म्हणून बसला असेल, आणि त्या यादीचा तो हक्कच आहे.